दहा निळे खडे

खडा पारदर्शक चिकटपट्टीखाली होता. पट्टी एका पांढऱ्या कागदावर अगदी सरळ, एकही बुडबुडा राहू न देता लावलेली. खड्याच्या शेजारी छापील मोजपट्टीचा तुकडा, म्हणजे पाहणाऱ्याला आकार विचारावा लागू नये. आणि खाली बारीक जपानी अक्षरांत तीन ओळी, ज्यांतला फक्त लॉटचा आकडा तिला वाचता येत होता. चार पूर्णांक आठ मिलिमीटर. टिनेकेने कागद खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला. फिकट, गोलसर, एका बाजूला किंचित चपटा... नात्तोसाठी, म्हणजे जपानी लोक आंबवून खातात त्यासाठी, लागणारं बारीक सोयाबीन असंच असतं, असंच फिकट, एका बाजूला असंच चपटं. चाळणीने ह्याला अडवलं नसतं, कारण आकार तोच. डागी दाणे टिपून उडवणाऱ्या कॅमेऱ्यानेही अडवलं नसतं, कारण रंग तोच. फरक फक्त वजनाचा. वजनावरून खडा ओळखणारं यंत्र त्यांच्या कारखान्यात एकच होतं, आणि ते नीट चाललं आहे की नाही हे तपासणारं माणूसही एकच.

"अजून त्या खड्याकडेच बघत बसल्येस?" गेरिट दारातून म्हणाला. "खडा आहे तो, हिरा नाही."

गेरिट तिचा भाऊ, सहा वर्षांनी मोठा, कारखान्याचा मालक. तो वर्षातून एकदा टाय लावायचा, तो आज लावला होता आणि त्यामुळे त्याची मान नेहमीपेक्षा आखूड दिसत होती. बाहेर पत्र्याच्या कोठ्यांवर ‘हुकस्ट्रा अँड सन्स’ अशी पाटी होती. वडिलांनी ती रंगवली तेव्हा दुसराही मुलगाच होणार अशी त्यांची खात्री होती. झाली टिनेके. पाटी परत रंगवायला खर्च येतो, असं ते तिला स्वतःच हसत हसत सांगायचे.

"दहाला येतायत ना जपानचे पाहुणे?"

"दहाला."

"म्हणजे पावणेदहाला. मग गाडीतच बसून राहतील, आणि दहाला दोन मिनिटं कमी असताना दारं उघडतील." गेरिट टायची गाठ चाचपत हसला. "हे बघ, कारण विचारलं तर सरळ सांगून टाक. शेत आहे, शेतात खडे असतात. ओंटारिओभर हिमनदीने आणून टाकलेत, दहा हजार वर्षांपूर्वी. हिमनदीकडून अहवाल मागवून घ्या म्हणावं."

"खडा शेतात कुठून आला असं ते विचारत नाहीयेत. पोत्यात कसा गेला, ते विचारतायत."

"मग तू लिहिलायस की अहवाल. छान आहे. छोटा आहे."

अहवाल छोटा होता. एकच पान, आणि त्या पानावर ‘कारण’ ह्या शब्दासमोर दोन वाक्यं: यंत्राची तपासणी ठरल्याप्रमाणे दर तासाला झालेली आहे. निश्चित कारण आढळलेलं नाही. त्यातलं दुसरं वाक्य, काटेकोरपणे पाहिलं तर, खरं होतं.

ऑक्टोबरात जपानमधल्या मितोहून खड्याबद्दल पत्र आलं तेव्हा गेरिटने चाळीस मिनिटांत उत्तर पाठवलं होतं. त्याला त्या चाळीस मिनिटांचा अभिमान होता, तो अजूनही लोकांना सांगायचा. झाल्या गोष्टीबद्दल दिलगीर आहोत, असं क्वचितच होतं, त्या लॉटची सगळी पोती बदलून देतो, पुढच्या जहाजाने पाठवतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या कंपनीतल्या मिनेगिशी-सानांचं दोन ओळींचं पत्र: आपल्या त्वरित उत्तराबद्दल आभारी आहोत. कारणाची वाट पाहत आहोत. गेरिटच्या मते विषय संपला होता. दुसरी ओळ ही त्यांची बोलायची रीत. टिनेके मात्र ती ओळ घेऊन घरी गेली होती. बदली पोती कुठल्या यंत्रातून येणार? त्याच. मग ज्याचं काय बिघडलं तेच माहीत नाही, त्यातून निघालेली नवी पोती जुन्या पोत्यांपेक्षा बरी कशी?... हे तिला काही जपानी वाटलं नव्हतं. नुसतं बरोबर वाटलं होतं. आणि चाळीस मिनिटांत ज्याने उत्तर दिलं, त्याने शोधलं काहीच नाही, हे तर कुणालाही कळावं.

कुणालाही म्हणजे, तिच्या भावाला सोडून. तो अप्रामाणिक नव्हता. चूक झाली की झटकन भरपाई करायची, पुन्हा त्यावर बोलायचं नाही, ह्यालाच तो प्रामाणिकपणा समजायचा.

नऊला ती खाली गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली थंडी, कारखान्याच्या मोठ्या दारातून आत येणारी, सोयाबीनची धूळ हवेत स्थिर. लू फ्रॉम्हर्ट्झ यंत्राच्या कठड्याला टेकून उभा होता. तो हे यंत्र चौदा वर्षं चालवत होता आणि त्याच्या भुवयांतली धूळ रविवारी चर्चमध्येही दिसायची. यंत्र म्हणजे एक तिरकी, थरथरणारी जाळी. खालून हवा सोडलेली. दाणे हलके, ते हवेवर तरंगत उताराने खाली वाहतात; खडे जड, ते जाळीला चिकटून थरथरत, हळूहळू, चढाच्या दिशेने वर सरकतात आणि मागच्या तोंडातून बाहेर पडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते उलटंच वाटतं, की जे जड ते वर जातं.

टिनेकेने खिशातून डबी काढली. डबीत दहा खडे, दाण्याच्याच आकाराचे, तिने स्वतः निळ्या रंगात बुडवलेले. ते तिने दाण्यांच्या धारेत सोडले आणि मागच्या तोंडापाशी ताटली धरून उभी राहिली. दर तासाला हेच. दहा सोडायचे, दहा मोजून घ्यायचे, वेळ लिहायची, संख्या लिहायची, सही करायची. एक जरी कमी आला तरी यंत्र थांबवायचं, आणि मागच्या तपासणीपासून भरलेली सगळी पोती उघडून पुन्हा फिरवायची. आणि यंत्र चालवणाऱ्याने तपासायचं नाही. हे नियम तिने आणि मिनेगिशी-सानांनी मिळून केले होते, त्यांच्या तिसऱ्या भेटीत, ह्याच कठड्यापाशी, कागदावर चित्रं काढून काढून.

"दहा," ती म्हणाली.

"दहाच्या दहा. पाहुणे यायच्या दिवशी कसं शहाण्यासारखं वागतंय बघ," लू म्हणाला. "माझी बायकोही अशीच. चार माणसांत सोन्यासारखी."

"तिला सांगू का?"

"सांग की. तिला माहितीय." तो जरा थांबला. "फेब्रुवारीची फाईल वर नेलीस?"

"नेली."

"हं," लू म्हणाला, आणि कठडा फडक्याने पुसू लागला, जो त्याने आधीच पुसलेला होता.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला दुपारी पावणेचारला ह्याच जागी उभं राहून लूने तिला सांगितलं होतं, की तीन रकाने रिकामे आहेत. एक, दोन आणि तीनचा. ती म्हणाली होती, माहितीय. सहाला ट्रक येणार होता, तो चुकला की जहाज चुकणार होतं. रिकामा रकाना म्हणजे बारा वाजल्यापासूनची सगळी पोती उघडायची, साडेसहाशेच्या आसपास. तिने तक्ता भिंतीवरून उतरवला. एक वाजता, दहा. दोन वाजता, दहा. तीन वाजता, दहा. मग चारला तिने खरेच निळे खडे सोडले आणि दहाच्या दहा आले. म्हणजे मधल्या तासांतही आले असतेच. हा झाला निष्कर्ष. निष्कर्ष निरीक्षणाच्या रकान्यात लिहायचा नसतो, हे तिला ग्वेल्फ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं, आणि ते शिकवावं लागतं ह्याचंच तिला तेव्हा नवल वाटलं होतं.

मधेच कधीतरी हवेचा दाब उतरला असेल, पुन्हा चढला असेल. असेल, नसेलही. ते आता कधीच कळणार नाही. कळायची जी एक जागा होती ती तिने भरून टाकली होती.

लू बोलला नाही. लूचं न बोलणं दहा महिने चाललं होतं. घरी कुणाला सांगितलं असेल तर बायकोला.

पावणेदहाला गाडी आली. दहाला दोन मिनिटं कमी असताना दारं उघडली.

मिनेगिशी-सान मितोच्या नात्तो कंपनीचा कच्चा माल पाहायचे. साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कारखान्यात शिरण्याआधी बुटांचे तळवे दोनदा पुसणारे. त्यांच्याबरोबर नेहमीप्रमाणे ओताके-सान, टोरांटोत राहणाऱ्या दुभाषी, चाळिशी उलटलेल्या. ऐकताना त्या डोळे मिटत आणि बोलताना समोरच्याच्या गळ्याकडे पाहत. मिनेगिशी-सानांनी दोन्ही हातांनी मिठाईची पेटी पुढे केली. दरवर्षीचीच, त्याच दुकानाची, त्याच जांभळ्या दोरीने बांधलेली. टिनेकेने दोरीची गाठही पाहून घेतली... काहीच वेगळं नाही. काही वेगळं असतं तर बरं झालं असतं.

"बसा, बसा. मारायकेने बटर टार्ट केलेत, तुमच्यासाठी मुद्दाम," गेरिट म्हणाला. मारायके त्याची बायको. "मागच्या वर्षी अर्धाच खाल्लात, तिने मला ऐकवलं. म्हणाली, तूच काहीतरी बोलला असशील."

ओताके-सानांनी ते सांगितलं. मिनेगिशी-सान हसले, एक टार्ट उचलला, अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा कागदी रुमालात नीट गुंडाळून बशीच्या कडेला ठेवला. एकोणीस वर्षं ते हेच करत होते. अर्धा ते कुणासाठी नेतात, हे विचारायचं टिनेकेच्या मनात दरवर्षी यायचं.

मग शांतता झाली, आणि तिचा अंगठा टेबलाखाली मनगटावरच्या घड्याळाकडे गेला.

गेरिटला शांतता सोसत नाही. तिसऱ्या वर्षी मिनेगिशी-सान असेच गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्यात गेरिटने आपण होऊन दर उतरवला, मग बंदरापर्यंतची वाहतूक अंगावर घेतली, मग पोत्यांवर दोन्ही भाषांत छपाई कबूल केली; मिनेगिशी-सान शेवटी बोलले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की खिडकीबाहेरचा तो लाल पक्षी कुठला. त्या दिवसापासून टिनेके शांततेची वेळ घेत आली होती. टेबलाच्या खणात एक वही होती. सोळा वर्षांच्या नोंदी. सगळ्यांत लहान चार सेकंद, सगळ्यांत मोठी एक मिनिट बारा सेकंद. शांततेची लांबी आणि त्यानंतर आलेलं उत्तर, ह्यांचा एकमेकांशी काही संबंध आढळत नव्हता. तिने रीतसर गणित करून पाहिलं होतं. तरी ती लिहीत राहिली... निदान तेवढ्या वेळात काहीतरी करत असल्यासारखं वाटायचं.

सव्वीस सेकंद.

"मिनेगिशी-सान विचारतायत," ओताके-सान म्हणाल्या, "फेब्रुवारीचे तपासणीचे तक्ते पाहता येतील का?"

"हो, हो, सगळं तयार आहे," गेरिट म्हणाला. "टिनेकेचे तक्ते म्हणजे बायबलच आहेत आमचे. फरक एवढाच, की हे मी रोज वाचतो." तो स्वतःच हसला. ओताके-सानांनी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गाळलं. टिनेकेच्या ते लक्षात आलं, आणि बरं वाटलं.

मिनेगिशी-सान प्रत्येक पान दोन्ही हातांनी उलटायचे. एक तारीख, दोन तारीख. त्यांना घाई नव्हती. तिलाही नव्हती, असं ती स्वतःला सांगत होती. त्यांच्यासमोरच एका फोल्डरमध्ये तो एक पानी अहवाल होता. विम्याच्या माणसाने बजावलं होतं, की लेखी काहीही कबूल करू नका. गेरिटने बजावलं नव्हतं, कारण कबूल करण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. त्याला माहीत होती ती एकसष्ट शेतं. चॅटमपासून सरोवरापर्यंत एकसष्ट घरं हे बारीक सोयाबीन पेरतात. एकरी उतारा कमी, दाणा इतका लहान की दुसरं कुणी विकत घेणार नाही, आणि पुढच्या वसंतात किती एकर पेरायचे ते ह्या खोलीत, आज ठरायचं. त्या घरांतल्या निम्म्या लोकांबरोबर ती रविवारी कॉफी पिते.

नऊ तारीख. दहा तारीख.

अकरा.

तो कागद तिने ऑक्टोबरात कितीतरी वेळा पाहिला होता, आणि त्यातलं जे दिसायचं ते तिला तेव्हाच दिसलं होतं. आठ वाजून चार मिनिटं. नऊ सात. दहा तीन. अकरा सहा. बारा पाच. मग एक. दोन. तीन. मग चार वाजून तीन मिनिटं. इतक्या वर्षांत तिने घड्याळाच्या ठोक्यावर खडे कधीच सोडले नव्हते, कुणालाच सोडता येत नाहीत. वरून जिना उतरायला, हातमोजे घालायला, डबी काढायला काही मिनिटं जातातच, आणि ती मिनिटं ती लिहायची, कारण ती गेलेली असायची. खोटं लिहायला बसली तेव्हा मात्र तिच्या हाताने तास पुरे केले होते. इतकं साधं. आकार तोच, रंग तोच...

मिनेगिशी-सानांनी पान उलटलं नाही. बोटही लावलं नाही. ते पानाकडे पाहत होते आणि त्यांचे दोन्ही हात कागदाच्या दोन कडांवर होते. मग ते जपानीत काहीतरी हळू म्हणाले.

"मिनेगिशी-सान म्हणतायत, ह्या दिवशी फार काम असावं," ओताके-सान म्हणाल्या.

"अहो, विचारू नका," गेरिट म्हणाला. "फेब्रुवारी म्हणजे नुसता गोंधळ. त्यात आमची आई तेव्हा आजारी होती, एप्रिलमध्ये गेली ती. त्यांना माहितीय ना? तुम्ही कार्ड पाठवलं होतंत. आणि हे बघा, मी विचार करत होतो, आपण दुसरं एक मशीन टाकू. एकापाठोपाठ एक, दोन मशीन. खडाच काय, खड्याचा बापही जाणार नाही. आणि पुढचा पहिला लॉट आम्ही दोनदा साफ करून पाठवू, आमच्या खर्चाने. हे सांगा त्यांना."

ओताके-सानांनी सांगितलं. मिनेगिशी-सानांनी मान लववली आणि पुन्हा पानाकडे पाहिलं.

फार काम असावं. हे दार होतं, एवढं तिला कळत होतं. कुठल्या बाजूने उघडं होतं ते कळत नव्हतं. हो म्हण आणि सुटून जा, मी पुन्हा कधी विचारणार नाही, असं म्हणत होते का ते? की, तू आपण होऊन सांगशील म्हणून मी इतका लांबून आलो, असं? एकोणीस वर्षं एकाच कठड्याला टेकून एका माणसाबरोबर काम केलं, त्याच्या शांततेचे सेकंद लिहून ठेवले, आणि त्याच्या एका साध्या वाक्याचा अर्थ लावता येऊ नये... मिनेगिशी-सानांना विचारावं, तर विचारण्यातच उत्तर देऊन झालं असतं.

आमच्या घरात असले प्रश्न नव्हते. बाबांनी नव्या पाद्र्याला पहिल्याच रविवारी, सगळ्यांसमोर, कॉफीचा कप हातात देता देता सांगितलं होतं, की प्रवचन अकरा मिनिटं लांबलं. शेजाऱ्याला सांगितलं, की तुझी गाय उपाशी आहे. मला सांगितलं, की तुझं नाक माझ्या आईवर गेलंय, त्याला आता इलाज नाही. आम्ही हुकस्ट्रा सरळ बोलणारी माणसं, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने सांगत आलो. हे बोलणं नेहमी दुसऱ्याबद्दल असायचं, हे बावन्नाव्या वर्षी, ह्या टेबलाशी बसून, प्रथमच माझ्या लक्षात येत होतं. बाबा स्वतःबद्दल काय सरळ बोलले? काही नाही. गेरिट? मी?

"अहवाल मिळाला, तर मिनेगिशी-सान तो बरोबर घेऊन जातील," ओताके-सान म्हणाल्या.

टिनेकेने फोल्डर जवळ ओढलं. उघडलं. अहवाल वरच होता, खाली तिची सही.

...त्या अकरा तारखेला साडेबाराला वृद्धाश्रमातून फोन आला होता. तुमच्या आईने तीन दिवस काही खाल्लेलं नाही, आज घरचं कुणी आलं तर बरं. गेरिट त्या दिवशी ओंटारिओतल्याच लंडनला गेला होता, ट्रॅक्टरच्या प्रदर्शनाला. लूला ती म्हणाली, तासाभरात येते. आई खिडकीपाशी बसलेली. शेवटच्या वर्षात तिची इंग्रजी गळून गेली होती, मग डचही गेली, आणि उरली ती तिच्या लहानपणची, उत्तर नेदरलँड्समधली फ्रीजियन भाषा, जी बाबांशीही ती क्वचितच बोलायची आणि मुलांना जिच्यातली फक्त खाण्याची नावं यायची. भाकरी. दूध. मीठ. टिनेके समोर बसली. आई काहीतरी म्हणाली, लांबलचक, शांतपणे, मधेमधे थांबत, जणू एखाद्या जुन्या ओळखीच्या बाईला कुठलीतरी हकिकत सांगावी तशी. टिनेकेला एक शब्द कळला नाही. तिने व्हॅनिलाच्या दाट कस्टर्डची वाटी घेतली आणि चमचा पुढे केला. आईने तोंड उघडलं. मग पुन्हा बोलली, पुन्हा थांबली. दुसरा चमचा. असे अकरा चमचे, तीन तासांत. घाई केली की आई तोंड मिटून घ्यायची. त्या तीन तासांत मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. आई काय सांगत होती कोण जाणे, पण ती मलाच सांगत होती, आणि मी ऐकत होते, आणि मधल्या थांबण्यांत काही कमी नव्हतं.

अकरा चमचे. त्या तीन तासांचं खरं निरीक्षण तेवढंच होतं, आणि ते तिने कुठेच लिहिलं नव्हतं.

"हा अहवाल बरोबर नाही," टिनेके म्हणाली.

गेरिटने मान वळवली.

"ह्या तीन वेळांना," तिने पानावर बोट ठेवलं, "मी कारखान्यात नव्हते. खडे सोडले नव्हते. पावणेचारला परत आले आणि हे आकडे मी नंतर भरले. यंत्र तेव्हा नीट चालत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. हा लॉट त्याच दुपारचा आहे."

आवाज नेहमीसारखाच होता. सकाळी ‘दहा’ म्हणाली तसाच.

"टिनेके," गेरिट म्हणाला. पुढे काही बोलला नाही, आणि त्याला न बोलता थांबलेलं तिने इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

ओताके-सानांनी डोळे उघडले. त्यांनी टिनेकेच्या गळ्याकडे नाही, तोंडाकडे पाहिलं.

"हे मी भाषांतर करू?" त्यांनी विचारलं.

"नको," गेरिट म्हणाला. "म्हणजे, एक मिनिट. आधी आम्ही दोघं जरा बाहेर जाऊन बोलतो. ओताके-सान, प्लीज. एकच मिनिट."

"मी टिनेके-सानांना विचारतेय," ओताके-सान मऊपणे म्हणाल्या.

मिनेगिशी-सान कागदी रुमालाची घडी सारखी करत होते. अर्धा टार्ट आत नीट बसला होता, तरी ते कोपऱ्यावर कोपरा जुळवत होते, सावकाश, जणू खोलीत अजून काही बोललंच गेलेलं नाही. आणि त्यांना इंग्रजी कळत होतं. हे तिला पक्कं माहीत होतं. नवव्या वर्षी गेरिटने आर्द्रतेचा आकडा चुकीचा सांगितला, तेव्हा ओताके-सानांनी तोंड उघडण्याआधीच त्यांची पेन्सिल थांबली होती. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. सगळं, शब्द न् शब्द. पण ओताके-सान बोलेपर्यंत ते ऐकलेलं नव्हतं. ती नको म्हणाली असती, तर घडी पुरी झाली असती, पान उलटलं गेलं असतं, बारा तारीख, तेरा तारीख... आणि तो अहवाल ते दोन्ही हातांनी घेऊन गेले असते.

आमच्याकडे तोंडातून गेलेलं परत येत नाही. बोललेल्यावर आणखी बोलून सारवायचं, एवढाच उपाय. आणि इथे दोन माणसं माझं एक वाक्य मधल्यामधे, हवेत, धरून बसली होती, मला हवं असेल तर ते मी उचलून परत घ्यावं म्हणून. ह्याला लपवाछपवी म्हणावं, की इतका मान मला आजवर कुणी दिला नव्हता असं म्हणावं, ते मला ठरवता आलं नाही. एवढं मात्र कळलं, की मघाशी मी बोलले ते कदाचित हातून निसटलेलं होतं. आता बोलेन ते नसेल.

तिला एकसष्ट घरं आठवली, सगळी नाही, तीन-चार. मार्टेन डी व्रीजचा नवा गोठा, त्याच्या दारातली उंच बुटांची रांग. तिला लूचं पुसून पुसून चकचकीत झालेलं कठड्याचं टोक आठवलं. गेरिट तिच्याकडे पाहत होता. रागाने नाही. टायमुळे त्याला श्वास घ्यायला जड जात असावं.

"करा," टिनेके म्हणाली.

ओताके-सानांनी डोळे मिटले आणि बोलायला सुरुवात केली. तिला लागला होता त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. तिची पाच-सहा वाक्यं तिकडे जाऊन लांबत होती, वळत होती, मधेच थांबून पुन्हा चालत होती, आणि त्यात तिचं नाव दोनदा आलं, सान लावून, हळुवार. काय जोडलं जात होतं, काय गाळलं जात होतं, तिला कळायला मार्ग नव्हता, आणि आपल्याला ते कळायला हवंय असं वाटत नाहीये हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मिनेगिशी-सानांनी रुमाल बाजूला ठेवला होता. दोन्ही हात पुन्हा कागदाच्या कडांवर होते. ते ऐकत होते. पहिल्यांदाच ऐकावं तसे.

ओताके-सानांचं बोलणं संपलं.

खिडकीबाहेर बर्फाचे सुटे कण पडत होते, जमिनीवर टिकत नव्हते. खालून यंत्राची थरथर येत होती. कुणीच काही बोललं नाही, आणि माझा हात टेबलावरच राहिला, तक्त्याच्या शेजारी, उघडा.

ती शांतता किती सेकंदांची होती, हे वहीत नाही.